उजनीवर कुरवांच्या थव्यात एक पांढऱ्या डोक्याचा दिसला, तो वेगळा आहे हे लांबून कसं ठरवायचं?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास करमाळा तालुक्यातल्या केत्तूरच्या बाजूने उजनी धरणाच्या पाण्यावर गेला होतात, समोर चिखलाच्या पट्टीवर दीडशे-दोनशे कुरव (म्हणजे गल, सीगल) बसलेले, अंतर अंदाजे अडीचशे मीटर, आणि त्यात एकाचं डोकं पांढरंफटक, कानामागचा काळा ठिपका नाही, मान उंच, चोच लांब. फोटो तीन, तिन्ही बसलेल्या पक्ष्याचे. विचारलंय की हा बारीक चोचीचा कुरव, म्हणजे स्लेंडर-बिल्ड गल आहे का.

सरळ सांगतो, या तीन फोटोंवर मी हो म्हणणार नाही. नाही पण म्हणणार नाही. पण तुम्ही जे बघितलंय ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर मधलं सोडून शेवटाकडं या.

पहिली गोष्ट म्हणजे तो थवा कोणाचा होता. उजनीवर हिवाळ्यात जे कुरव दिसतात त्यातले बहुतेक सगळे तपकिरी डोक्याचे कुरव, ब्राउन-हेडेड गल. हे लडाख-तिबेटकडच्या उंचावरच्या तळ्यांवर अंडी घालतात आणि थंडीत खाली आपल्याकडं येतात. आता गंमत अशी की नावात तपकिरी डोकं, आणि आपल्याकडं असतात तेव्हा डोकं पांढरं! तपकिरी टोपी चढते ती परत जायच्या वेळेला, फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्यामुळं नवीन माणूस पुस्तकातलं चित्र बघून येतो आणि जो पांढऱ्या डोक्याचा दिसेल तो त्याला वेगळा वाटतो, सगळेच वेगळे वाटतात. त्यांच्यात थोडे काळ्या डोक्याचे कुरव मिसळलेले असतात, ते जरा लहान, नाजूक. आणि अधूनमधून एखाददुसरा पल्लासचा कुरव, तो मात्र लपत नाही, धिप्पाड पक्षी, बाकीच्यांच्यात उभा राहिला की शाळेच्या रांगेत मास्तर उभा राहिल्यासारखा दिसतो. हिवाळ्यात त्याच्या डोळ्याभोवती काळसर डाग असतो, चोच पिवळी, टोकाजवळ काळा पट्टा. त्याच्यावर वेळ घालवत नाही.

बारीक चोचीचा कुरव हा मुळात किनाऱ्याचा पक्षी. गुजरातच्या किनाऱ्यावर भरपूर, मुंबईच्या खाडीतही दिसतो. आपल्यासारख्या आतल्या भागात तो येणं दुर्मिळ, पण अशक्य नाही, पंख आहेत त्याला. म्हणून "इथं येतच नाही" असं म्हणून उडवून लावणाऱ्यांचं ऐकू नका, आणि "आलाच असणार" म्हणणाऱ्या स्वतःच्या मनाचं तर अजिबात ऐकू नका.

माझी फजिती सांगतो. बरीच वर्षं झाली, हिप्परग्याच्या तलावावर, तुळजापूर रोडच्या बाजूने, फेब्रुवारीचे दिवस. वीस-पंचवीस कुरव, त्यात एक अगदी तुमच्यासारखाच, डोकं पांढरं, कपाळ उतरतं, चोच लांब आणि बारीक. मी स्कोपमधून, म्हणजे ट्रायपॉडवरच्या दुर्बिणीतून, दहा मिनिटं बघितलं, छातीवर गुलाबी छटा सुद्धा दिसली (ती दिसणारच, सकाळच्या कोवळ्या उन्हात दगडावर पण गुलाबी छटा दिसते), आणि लगेच चार जणांना फोन लावले. दोघं बिचारे बार्शीहून मोटरसायकल काढून निघाले. ते पोचेपर्यंत बराच वेळ गेला आणि तेवढ्यात काय झालं, तर तो पक्षी नुकताच अंघोळ करून बसला होता तो वाळला. ओली पिसं डोक्याला चिकटून बसली होती म्हणून डोकं चपटं, कपाळ उतरतं आणि चोच लांब दिसत होती, आणि कानामागचा ठिपका ओल्या पिसांत दबला होता. पिसं फुलली, डोकं गोल झालं, ठिपका हजर. साधा तपकिरी डोक्याचा. बार्शीवाल्यांना चहा पाजला, भजी खायला घातली, तरी आजपण भेटले की "काय, वाळला का पक्षी?" म्हणून विचारतात.

हे सांगायचं कारण, तुमच्या दुसऱ्या फोटोत त्या पक्ष्याच्या शेजारचा एक पंख झाडतोय असं वाटतंय. म्हणजे तिथं अंघोळी चालू होत्या. आठवतं का बघा.

आता ठिपक्याचं. तुमचे फोटो सोलापूरच्या उन्हातले आहेत. करमाळ्याच्या काठावरनं सकाळी सूर्य साधारण आपल्या पाठीशी असतो, ते चांगलंच आहे, पण त्यामुळं समोरच्या पांढऱ्या पक्ष्यावर प्रकाश थेट आदळतो आणि कॅमेरा आजूबाजूचा काळा चिखल बघून एक्सपोजर वाढवतो. मग पांढरं सगळं जळून जातं. तुमच्या फोटोत शेजारच्या पाच-सहा पक्ष्यांच्या पाठीसुद्धा पांढऱ्या आल्यात, ज्या खरं तर करड्या असतात. पाठीचा करडा रंग जिथं जळून गेला तिथं कानामागचा फिकट ठिपका टिकेल कसा? शिवाय तपकिरी डोक्याच्या कुरवांत हा ठिपका सगळ्यांचा सारखा नसतो, काहींचा ठळक, काहींचा शाई सांडून पुसल्यासारखा पुसट. पुढच्या वेळी एक्सपोजर एक स्टॉप, म्हणजे एक पायरी, कमी करून काढा, फोटो काळपट दिसला तरी चालेल, काळपट फोटोतून माहिती परत काढता येते, जळलेल्यातून नाही.

दुसरं ऊन म्हणजे झळा. जानेवारी असला तरी दहानंतर चिखलाच्या पट्टीवरनं झळा उठायला लागतात आणि अडीचशे मीटरवरचा पक्षी पाण्याखाली ठेवल्यासारखा हलतो. चोच कधी लांब, कधी वाकडी, कधी पाय गायब. अशा वेळी लोक काय करतात, झूम वाढवतात. साठ एक्सला नेलं की पक्षी मोठा होतो तशा झळा पण मोठ्या होतात, हाती काही येत नाही. मी तरी वीस-पंचवीसच्या वर नेत नाही, आणि खरं सांगायचं तर नऊच्या आत काम उरकतो. साडेनऊनंतर मोजणी करायची, ओळखायची नाही. त्यापेक्षा थोडं चालून जवळ जा, पण थवा उठवू नका, ते पुढं सांगतो.

चोचीबद्दल जरा थांबून बोलूया कारण तुमचा सगळा भर चोचीवर आहे. या दोघांच्या चोचीच्या लांबीत खरा फरक सेंटिमीटरच्या आतला आहे. अडीचशे मीटरवरनं तुमच्या फोटोत अख्खी चोच म्हणजे चार-पाच चौकोन (पिक्सेल). तिथं लांबी मोजायची म्हणजे अंदाजपंचे. मग बारीक चोचीच्या कुरवाची चोच लांब दिसते ती कशामुळं, तर त्याचं कपाळ लांब आणि उतरतं असतं, आणि कपाळाची पिसं चोचीवर पुढपर्यंत आलेली असतात, त्यामुळं अख्खा चेहराच पुढं ओढल्यासारखा दिसतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं गोल, चोच जाडसर, लाल, टोकाला काळी. बारीक चोचीवाल्याची चोच लालसर असली तरी लांबून कित्येकदा नुसती काळपट दिसते आणि टोकाला तो ठळक काळा नसतो. तुमच्या पहिल्या फोटोत मला चोचीच्या टोकाशी काहीतरी गडद वाटतंय, पण ते "वाटतंय" आहे, त्यावर मी पैज लावणार नाही.

मान उंच दिसली हे चांगलं लक्षण आहे, मान्य. बारीक चोचीचा कुरव मान ताणून चालतो, पोहताना तर मान पुढं काढून असा जातो की गळपट्टा ओढलेल्या कुत्र्याची आठवण येते. पण कुठलाही कुरव घाबरला की मान ताणतो, वर घार दिसली की ताणतो, शेजारी भांडण झालं की ताणतो. म्हणून दहा सेकंद नाही, दहा मिनिटं बघायचं. त्या दहा मिनिटांत सगळा थवा सैल पडल्यावरही याची मान तशीच लांब आणि डोकं तसंच निमुळतं राहिलं तर मग मी सुद्धा खुर्चीवरनं उठेन.

आणि आता मुख्य मुद्दा, जो तुमच्या फोटोत नाहीच आहे. पंख. बसलेल्या कुरवावर तासभर वाद घालण्यापेक्षा उडालेल्या कुरवाचा एक फोटो बरा, धुरकट असला तरी. तपकिरी डोक्याच्या मोठ्या (म्हणजे पूर्ण वाढ झालेल्या) कुरवाचं पंखाचं टोक काळं असतं आणि त्या काळ्यात आरशाच्या तुकड्यासारखे पांढरे ठिपके असतात, इंग्रजीत त्यांना मिररच म्हणतात. बारीक चोचीचा आणि काळ्या डोक्याचा, या दोघांचं तसं नाही, त्यांच्या पंखाच्या पुढच्या कडेला टोकापर्यंत लांब पांढरी पाचर असते आणि काळं फक्त मागच्या कडेला टोकाशी, काठ घातल्यासारखं. हे चारशे मीटरवरनं पण दिसतं, झळांत पण दिसतं. मग हिशोब सोपा होतो. काळं टोक आणि आरसे दिसले की विषय संपला, तपकिरी डोक्याचा, घरी जा. पांढरी पाचर दिसली की तपकिरी डोक्याचा बाद, आणि मग फक्त काळ्या डोक्याचा की बारीक चोचीचा एवढाच प्रश्न उरतो, तिथं ठिपका, कपाळ, मान, डोळा हे सगळं कामाला येतं. काळ्या डोक्याच्याचा डोळा गडद, बारीक चोचीच्या मोठ्या पक्ष्याचा फिकट.

फिकट डोळ्यावरनं एकजण मला मागं म्हणाला होता की डोळा पांढरा म्हणजे बारीक चोचीचाच. तसं नाही, मोठ्या तपकिरी डोक्याच्याचा डोळा पण फिकटच असतो. आणि त्याच्या पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लाचा गडद असतो, पंखात आरसे पण नसतात, नुसतं काळं टोक. म्हणजे पिल्लू आहे का मोठा, हे आधी ठरवायचं. शेपटीच्या टोकाला काळा पट्टा आणि पंखावर तपकिरी पिसं असली तर पिल्लू. तुमचा पक्षी मला मोठा वाटतो, पंखावर तपकिरी दिसत नाही, पण परत तेच, फोटो जळलेला आहे.

उडवायचं कसं? उडवायचं नाही. वाट बघायची. उजनीवर तासाभरात एकदा तरी मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी येतोच, तो पट्टीवरनं खाली घिरटी घालत आला की सगळा थवा एकदम उठतो, पांढरी चादर झटकल्यासारखा, आणि परत तिथंच बसतो. नाहीतर मासेमारांची होडी जाते. तुम्ही आधीपासून कॅमेरा त्याच पक्ष्यावर लावून बसायचं, शटर स्पीड वाढवून ठेवायचा, आणि थवा उठला की दुसरीकडं न बघता त्याच एकाच्या मागं लागायचं. हे लिहायला सोपं आहे, प्रत्यक्षात दहातल्या आठ वेळा तो हातातनं निसटतो, माझाही निसटतो. म्हणून व्हिडिओ. व्हिडिओ लावून ठेवा, नंतर घरी एकेक फ्रेम थांबवून बघा, पाचर का आरसे तेवढं एका फ्रेममध्ये सापडलं तरी पुरे.

बाकी थवा बघायची माझी पद्धत अशी आहे की डावीकडनं उजवीकडं तीनदा जायचं. पहिल्यांदा नुसता आकार, कोण मोठा कोण लहान. दुसऱ्यांदा पाठीचा करडा रंग. तिसऱ्यांदा डोकी. झोपलेल्यांना सोडायचं आणि शेवटी परत यायचं, कारण दुर्मिळ पक्षी नेमका पाठीत चोच खुपसून झोपलेला असतो, हा अनुभव आहे. शितावरून भाताची परीक्षा हे इथं चालत नाही, एकेक शीत बघावं लागतं. रंगाबद्दल एक सावधगिरी: थवा सहसा वाऱ्याकडं तोंड करून उभा असतो, त्यामुळं सगळे एका दिशेला असतात, ते बरं. पण एखादा जरा वळून उभा असला की त्याच पाठीचा करडा रंग वेगळा दिसतो, गडद नाहीतर फिकट. दोन पक्ष्यांच्या पाठी तेव्हाच ताडून बघायच्या जेव्हा दोघं एकाच बाजूला तोंड करून उभे आहेत. तसंच आकाराचं, स्कोपमध्ये किंवा मोठ्या लेन्समध्ये दोन सारखे पक्षी मागंपुढं उभे असले तर मागचा मोठा दिसतो. हा डोळ्यांचा खेळ आहे, आणि "शेजारच्यापेक्षा मोठा होता" असं सांगणाऱ्या किती नोंदी यात फसल्यात त्याची गणती नाही. पुढं-मागं नको, शेजारी-शेजारी आल्यावर ताडायचं.

आणि पक्षी सापडला की तो कुठं आहे ते आधी ठरवून ठेवा. उजनीत पाण्यात बुडालेल्या बाभळींचे खुंट जागोजागी आहेत, त्यांचा उपयोग करा. "दोन फाट्यांच्या खुंटाच्या खाली, डावीकडनं तिसरा." स्कोपमधनं डोळा काढून वहीत लिहीपर्यंत पक्षी हरवतो, दुसऱ्या कोणाला दाखवायचं असेल तर अजूनच गोंधळ. वही म्हणालो ते खरंच वही. तिथंच बसून, पुस्तक उघडायच्या आधी, जे दिसलं ते लिहायचं, वाकडंतिकडं चित्र काढायचं. पुस्तक उघडलं की आपल्याला पुस्तकातलं दिसायला लागतं. तुम्ही शाळेत शिकवता म्हणालात, तुम्हाला हे मी सांगायला नको, पोरं गाईड बघून निरीक्षण लिहितात तसं होतं.

ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर, टाकायचं का विचारलंय. आत्ता टाकलंत तर ते दुर्मिळ म्हणून अडकेल आणि तपशील मागतील, त्यांनी मागायलाच हवेत. माझं मत, सध्या "कुरव, जात ओळखता आली नाही" एवढीच नोंद करा आणि तिन्ही फोटो जोडा. ही काही हार नाही, माझ्या वह्यांत असे अनोळखी कितीतरी पडून आहेत. फोटो मात्र कॅमेऱ्यातले मूळच ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरनं फिरलेले नको, त्यात उरलीसुरली माहिती पण दाबली जाते. मला पण मूळ फाइल पाठवा, पहिल्या फोटोतलं चोचीचं टोक मला नीट बघायचंय.

या आठवड्यात परत जमलं तर साडेसातलाच तिथं असा, थंडी असते, कानाला काहीतरी बांधा. आधी त्या बाजूला चिलापी माशाची जाळी टाकणारे जे मामा असतात त्यांना विचारा थवा कुठं बसतोय, कारण पाणी जसं सोडतात तशी पट्टी सरकते, मागच्या रविवारची जागा या रविवारी असेलच असं नाही, आपली उजनी प्लसमधून मायनसमध्ये (म्हणजे उपयुक्त साठा संपून मृत साठ्यात) जाईपर्यंत काठ रोज नवा असतो. मामांचा डोळा आपल्यापेक्षा तयार असतो, नाव येत नसलं तरी "तो लांब मानेचा एकटाच फिरतो बघा" असं काही ते बोलले तर लगेच कळवा. मी रविवारी पहाटे सोलापुरातनं निघू शकतो, स्कोप आणि ट्रायपॉड आणतो, कडक भाकरी आणि शेंगाचटणी पण. तोवर तो पक्षी तिथं असला तर बरं, आणि वाळलेला असला तर अजून बरं.